एक गाठ जास्त

वलयमापक सावळापूरच्या कापूस संशोधन केंद्रात आला तो २०४१च्या ऑगस्टमध्ये, आणि महिनाभरात त्यानं इतक्या लोकांची पंचाईत केली की गावकऱ्यांनी त्याचं नाव ‘पंचांग’ ठेवून टाकलं. कपड्यातला एक धागा काढून त्याच्या पोटात ठेवला, की तो कापूस कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, साधारण कुठल्या तालुक्यात पिकला ते तासाभरात कागदावर येई. ‘आमच्याच शेतातला’ म्हणून दुप्पट भावानं कुर्ते विकणाऱ्या एका दुकानदाराचा कापूस तीन देशांतून गोळा झालेला निघाला. शेजारच्या गावात पणजोबांनी पिकवलेल्या कापसाची म्हणून जपलेली गादी जेमतेम दहा वर्षांची निघाली, आणि दोन जावांमध्ये जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. केंद्राचे संचालक डॉ. विश्राम देवतळे हे किस्से रंगवून सांगत आणि पाहुण्यांना हसवत. कापूस खोटं बोलत नाही, असं शेवटी म्हणत आणि टाळ्या घेत.

यंत्रामागचं शास्त्र तसं जुनंच. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवशी ती सालीतून डोकं वर काढते आणि पुढचे अठरा-वीस दिवस नुसती लांब होत जाते. मग लांबी थांबते आणि ती आतून भरायला लागते. रोज सेल्युलोजचा एक थर. दिवसाच्या उष्णतेत थर दाट बसतो, रात्रीच्या गारव्यात विरळ. त्यामुळे झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं तंतूच्या आतही असतात. बुंध्यातलं वलय वर्षाचं, तंतूतलं एका दिवसाचं. ही वलयं शंभरेक वर्षांपूर्वीच लोकांनी तंतू फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, पण एकेक तंतू घेऊन ती मोजत बसणार कोण? डॉ. तन्वी काळमेघ या देवतळ्यांच्या विद्यार्थिनीनं ती क्ष-किरणांनी वाचायची आणि जागोजागच्या हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहायची युक्ती बसवली. देवतळ्यांना तिचं कोण कौतुक. यंत्राच्या रीतसर उद्घाटनाला दिल्लीहून पाहुणे यायचे होते, सोमवारी.

त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी तन्वीनं पत्र्याचा एक डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. झाकणावर लिहिलं होतं, ‘वाढकक्ष २०१९ – बाद’. अक्षर देवतळ्यांचंच होतं.

“सर, पाहुण्यांना दाखवायला मस्त नमुना सापडलाय! तुमच्या त्या गाजलेल्या पेपरात तळटीप आहे ना, मजुरांनी धागे चुकीचे बांधल्यामुळे हा गट वगळला म्हणून? आता मापक सांगेल नेमक्या किती गाठी चुकल्या ते. बावीस वर्षांपूर्वीची चूक पकडणारं यंत्र. कसं वाटतं?”

देवतळ्यांनी डबा कडेला सरकवला. “कशाला जुनं उकरून काढतेस? बुरशी लागली असेल त्याला.”

“छे, ठणठणीत कोरडं आहे सगळं. तुम्हीच ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवल्यात आत.”

आता स्वतःच्याच टापटिपीला काय म्हणायचं! त्यांनी डब्याकडे न पाहता मान हलवली आणि ती डबा घेऊन गेली.

धागे बांधण्याची पद्धत केंद्रात पूर्वापार चालत आलेली. बोंड किती दिवसांचं आहे हे कळायचं तर फूल कधी उमललं ते माहीत हवं. कपाशीचं फूल पहिल्या सकाळी दुधासारखं पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, म्हणून रोज सकाळी बाया ओळीओळीनं फिरत आणि त्या दिवशीच्या पांढऱ्या फुलांच्या देठाला धागा बांधत. वाराप्रमाणे रंग, आणि आठवडा कितवा त्याप्रमाणे गाठी. पहिल्या आठवड्यातल्या सोमवारचा लाल धागा एका गाठीचा, दुसऱ्या सोमवारचा दोन गाठींचा. मध्यंतरी चार वर्षं छापील चिठ्ठ्या लावून झाल्या. त्या उन्हानं कोऱ्या पडल्या आणि धागे परत आले.

२०१९ साली या कामात सगळ्यांत तरबेज बाई होत्या पंचफुलाबाई इंगळे. अठरा वर्षं रोजंदारीवर. बाकीच्या बाया फूल वाकवून, आत डोकावून ठरवत. या नुसत्या नजरेनं ओळखून, चालता चालता धागा बांधून पुढे जात. रोजंदारीवरच्या नऊ बायांना कायम करायची यादी त्या वर्षी मुंबईला गेली होती आणि तिच्यात पहिलं नाव त्यांचं होतं. म्हणूनच तरुण देवतळ्यांनी आपल्या वाढकक्षातली झाडंही त्यांच्याकडे सोपवली. वाढकक्ष म्हणजे बिनखिडक्यांची बंद खोली. आत कुंड्यांमधून कपाशी, वर दिवे. सकाळी सहाला दिवे लागत आणि उष्णता वाढे, संध्याकाळी सहाला दिवे विझत आणि खोली गार होई. सगळं एका घड्याळी बटणावर चाले.

एका संध्याकाळी कोणी वरिष्ठ अधिकारी खोली बघायला येणार होते. त्यांना उशीर झाला. सहाला दिवे जाऊ नयेत म्हणून देवतळ्यांनी ते बटण घड्याळावरून काढून हातावर घेतलं. अधिकारी आले, पाहून गेले. देवतळ्यांना नागपूरची बस गाठायची होती, लग्न होतं त्यांचं. नऊ दिवसांनी हळद लागलेल्या हातांनी त्यांनी खोली उघडली तेव्हा बटण तसंच हातावर होतं. नऊ दिवस त्या खोलीत रात्र झालेली नव्हती. पंचफुलाबाई फक्त सकाळी येत आणि तेव्हा दिवे असायचेच, त्यामुळे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. देवतळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बटण गुपचूप घड्याळावर लावून टाकलं. म्हटलं, काय फरक पडतोय!

फरक पडला. बोंडं काढली तेव्हा तंतू धाग्यावरच्या तारखेपेक्षा आठवडाभर मोठे दिसत होते. त्या वेळचे संचालक तडक शेतात आले. फुलांच्या ओळींत बाया कामावर होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “वाढकक्षातले धागे कोणी बांधले?”

आणि देवतळे म्हणाले, “पंचफुलाबाईंनी. एक गाठ जास्त पडलेली दिसते.”

आठवड्याचा फरक म्हणजे एक गाठ. सगळ्यांना पटलं. यादीतलं पहिलं नाव खोडलं गेलं, आणि महिनाअखेर पंचफुलाबाईंचं कामही गेलं.

शुक्रवारी दुपारी तन्वीनं त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

“सर, पाहुण्यांना हे दाखवता येणार नाही. हे बघा.” पडद्यावर तंतूचा आडवा छेद होता. बाहेरून आत बारीक वलयं, मग एक जाड गुळगुळीत पट्टा, त्यात एकही रेघ नाही, आणि त्याच्या आत पुन्हा वलयं. “या पट्ट्याच्या आधीची वलयं मोजली मी. पहिल्या सोमवारच्या एका गाठीच्या लाल धाग्याच्या बोंडात अकरा, मंगळवारच्या पिवळ्यात दहा, बुधवारच्या हिरव्यात नऊ. पुढच्या सोमवारचा दोन गाठींचा लाल घेतला तर बरोब्बर चार. एक जरी गाठ चुकली असती तर ही ओळ तिथं तुटली असती. तीनशे बारा बोंडं आहेत, सर, आणि एकही धागा चुकलेला नाही.”

“मग हा मधला पट्टा?” देवतळ्यांनी विचारलं. आपला आवाज किती सहज येतोय याचं त्यांनाच नवल वाटलं.

“रात्रच झाली नाही तेव्हा. दिवे आणि उष्णता चोवीस तास चालू राहिली असणार. आठ दिवस म्हणा, नऊ म्हणा, तेवढं नाही सांगता येत. रात्रीची विश्रांती नाही म्हटल्यावर तंतू भराभर जाड होत गेला, म्हणून मोठा दिसला.”

नऊ. देवतळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

“खोली कोणाकडे होती, सर, तेव्हा?”

तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. ती सरांना विचारत होती, आणि सर तिला माहीत असलेल्या जगातले सगळ्यांत सरळ गृहस्थ होते. आत्ता बोलून टाकावं, असं देवतळ्यांच्या मनात आलं. अगदी ओठांपर्यंत आलं.

“वानखडे म्हणून वायरमन होता,” ते म्हणाले. “सुखदेव वानखडे. वारला बिचारा, झाली बारा-तेरा वर्षं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. वानखडे होता, वायरमन होता आणि वारलाही होता. त्या दिवशी शेतात तरी ते कुठे खोटं बोलले होते? ‘दिसते’ एवढंच म्हणाले होते. बावीस वर्षांत शब्द नेमके तोलून समोरच्याला आपोआप चुकीच्या वाटेला लावायची ही कला त्यांच्या अंगी पूर्ण मुरली होती. ते स्वतःशीच शरमले.

“वायरमनची चूक, असं लिहिते मग अहवालात,” तन्वी म्हणाली. दाराशी जाऊन ती वळली. “आणि धागे बांधणाऱ्या त्या बाई? आहेत का हो त्या? कोणीतरी सांगायला हवं त्यांना.”

शनिवारी सकाळी देवतळे केंद्राची गाडी न घेता पायीच सावळापूर गावात गेले. पंचफुलाबाईंचं घर शाळेच्या मागं. अंगणात एक वाळलेली म्हातारी तुरीची डाळ पाखडत बसली होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं आणि लगबगीनं उठली.

“अवं माय, देवतये सायेब! सूनबाई, बाज टाक वं. चहा ठेवतो मी. बसा सायेब, बसा.”

सून बाज टाकत होती तोवर त्या आत गेल्या. आतून आवाज आला, “साखर टाकली का वं म्या?”

“टाकली ना आई, आत्ताच.” थोड्या वेळानं पुन्हा तेच. सून देवतळ्यांकडे पाहून हसली. “याईचं असंच हाय सायेब. कुलूप लावलं तरी तीनदा पाह्यतात. मीठ टाकलं का ते मले विचारतात. डोकं चांगलं ठणठणीत हाय, पन सोताच्या हातावर भरोसा नाई.”

चहा आला. पंचफुलाबाई समोर जमिनीवर बसल्या. “हात चुकते ना माहा,” त्या म्हणाल्या, अगदी सहज, जणू पाऊसपाण्याचं बोलत होत्या. “तुमाले तं मालूमच हाय. ते एक गाठ जास्त पडली होती, तवापासून. पयले गावात कोनाचंबी लगन असलं तं नवरदेवाच्या हातात हयकुंड बांधाले मलेच बलावत. मंग मी जानं सोडलं. म्हटलं, चार लोकाईच्या पोरायचं शुभकार्य, आपला हात कायले लावा?” आणि मग त्यांचा आवाज मऊ झाला. “पन तुम्ही लय चांगले सायेब. एवढं नुकसान झालं तुमचं, पन वरडले नाई मले. दिवाईले लुगडं धाडलं. दुसरा कोनी असता तं शिव्या देल्या असत्या.”

ते लुगडं देवतळे विसरले होते. त्यांनी ते पाठवलं होतं तेव्हा मनाला बरं वाटलं होतं, आणि चार दिवस झोपही लागली होती. बाईचं काम गेलं, याचा सल त्यांना अधूनमधून लागे. पण बाईनं ते खरं मानलं असेल, आपणच चुकलो म्हणून ती बावीस वर्षं रोज स्वतःच्या हातांकडे संशयानं पाहत आली असेल, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, ती आपल्याला शिव्याशाप देत असेल. ते त्यांनी कधीच सोसून टाकलं होतं. हे आभार सोसायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“पंचफुलाबाई, गाठ जास्त नव्हती पडली,” ते म्हणाले. “तुमचे धागे बरोबर होते. खोलीतले दिवे माझ्याकडून चालू राहिले होते, नऊ दिवस. मला त्याच वेळी माहीत होतं. मी तुमचं नाव घेतलं.”

सून दारातच थबकली. पंचफुलाबाई थोड्या पुढे सरकल्या.

“सगळे बराबर होते?”

“सगळे. तीनशे बारा.”

“ते पावसाची झड होती ना सायेब, तवाचे पन? त्या शनवारी माह्या हाताले काटा लागला होता, तवा मले वाटे का…”

“तेही.”

त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. मग मान वर केली, आणि देवतळ्यांना त्या डोळ्यांकडे पाहवेना.

“नवकरी घेतली असती माही, तं घेतली असती,” त्या हळू म्हणाल्या. “गरिबाची जातेच. मजुरी करून पोट भरलं म्या. पन माहे डोये कायले घेतले तुम्ही? ते तं तुमच्या काई कामाचे नोयते.”

देवतळ्यांनी हात जोडले. त्यांना रडू येत होतं, आणि या माउलीसमोर रडायचीही आपली लायकी नाही असं वाटून ते आवरत होते. “मी केंद्राला लिहितो, पेपर छापणाऱ्यांना लिहितो. तुमचं जे काही…”

“लिवा तुमाले लिवाचं ते. मले वाचता येत नाई.” त्यांनी सूप पुढे ओढलं, पण पाखडलं नाही. “मले येकटीले घरात येऊन कायले सांगता? त्या दिवशी तुम्ही फुलायच्या शेतात सांगतलं होतं, साऱ्या बायाईच्या म्होरं. तिथंच सांगा. मी येतो.”

रविवारी त्यांनी तन्वीला घरी बोलावून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, “वानखडे असं मी लिहिलं ना, सर, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” तिनं अहवालातलं ते पान त्यांच्यासमोर फाडलं आणि चहा न घेताच निघून गेली. तळटीप खोटी असल्याचं पत्र देवतळ्यांनी त्याच दिवशी धाडलं, संचालकपदाचा राजीनामाही.

सोमवारी पाहुणे दहाला यायचे होते. सकाळी सातला देवतळे कपाशीच्या ओळींत उभे राहिले. पंधरा-सोळा बाया होत्या. बावीस वर्षांपूर्वीच्या दोघी अजून कामावर, कायम झालेल्या. पंचफुलाबाई सुनेसोबत आल्या होत्या. अंगावर धुवट लुगडं, पायात चपला नाहीत. तन्वी बांधावर बाजूला उभी होती.

भाषणं ठोकून ज्याचा घसा तयार झाला होता त्या माणसाला चार वाक्यं बोलताना तीनदा थांबावं लागलं. दिवे मी चालू ठेवले. मला ठाऊक होतं. याच जागी उभं राहून मी पंचफुलाबाईंवर घातलं. आणि शुक्रवारी वानखडेंवर, मेलेल्या माणसावर घातलं. पंचफुलाबाईंच्या धाग्यांत एकही चूक नव्हती. एका पोक्त बाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड दुसरीकडे वळवलं. देवतळ्यांना वाटलं होतं की बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसलं काही झालं नाही.

मग जुन्या दोघींपैकी एक, चंद्रकलाबाई, पुढे झाल्या. कमरेची धाग्यांची पिशवी सोडून त्यांनी पंचफुलाबाईंच्या हातात दिली. “घे वं माय. आजचा पयला तूच बांध.”

सोमवार होता. पंचफुलाबाईंनी लाल धागा ओढून काढला. बोटं विसरली नव्हती. धागा तर्जनीला गुंडाळून त्या ओळीत शिरल्या तेव्हा त्यांच्या चालीत जुनी लय होती. पहिल्याच झाडावर, गुडघ्याच्या उंचीला, एक फूल पूर्ण उमललेलं होतं. लख्ख पांढरं, आजचंच. शेतात कधी पाय न ठेवलेल्या माणसालाही सांगता आलं असतं.

त्यांनी धागा देठाभोवती घेतला. गाठ मारायला बोटं जवळ आली आणि थांबली. त्या फुलाकडे पाहत राहिल्या, मग आणखी वाकल्या, पाकळी उचलून आत पाहिलं. ‘आजचंच आहे’ हे दोन शब्द देवतळ्यांच्या जिभेवर होते, पण ते म्हणायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे त्यांना कळत होतं.

पंचफुलाबाईंनी धागा तसाच धरून मान वळवली.

“चंद्रकला,” त्यांनी विचारलं, “हे आजचंच हाय ना वं?”